येळवशीची ताटं

लातूर, १३ जुलै २०२५

तीर्थरूप मोठे आप्पा,

शरणार्थ. मी मंजुश्री. औशाच्या शिवकुमारची मंजू, तुमची पुतणी. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नसेल, म्हणून आधीच सांगितलं.

पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मी अकरावीला लातूरला आले आहे आणि वसतिगृहात फोन आणू देत नाहीत. रविवारी ऑफिसच्या फोनवरून दहा मिनिटं घरी बोलता येतं. घरच्या फोनवरून तुमचा नंबर लागत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नकोच. कागदाच्या मागच्या बाजूला भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे, तिकडे लक्ष देऊ नका. आम्ही मुलींनी कोरा कागद फक्त परीक्षेला वापरायचा असं ठरवलं आहे.

मागच्या येळवशीबद्दल लिहायचं आहे. तुमच्या बिलोलीकडे येळवस करत नाहीत. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे अख्खं गाव घराला कुलूप लावून शेतात जातं, कडब्याची कोपी उभारून तिच्यात पांडवांची पूजा होते, भज्जी-आंबील-उंडे होतात आणि रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत, हे तुम्ही नव्या व्याह्यांना जीपमध्ये वाटभर सांगत आणलं होतं म्हणे. आणि मग तुम्ही आमच्या बांधाशी उतरलात. मोठी आई, अमरनाथदादा, नवी वहिनी, वहिनीचे आईवडील.

बांधावर मी होते. मी व्याह्यांना विचारलं, "ताट आणलंत का?" ते हसले. त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग मी आमच्या आप्पांच्या, तुमच्या शिवाच्या, फोनवरून सगळ्यांना गेलेला निरोप वाचून दाखवला. येताना प्रत्येकानं आपलं ताट आणि पेला घेऊन यावा, आमच्या शेतात थर्माकोल आणि प्लास्टिक चालणार नाही. खाली आप्पांचं नाव. तुमचं तोंड लालबुंद झालं. "पाव्हण्याला ताट घेऊन ये म्हणालाव? भीक वाढालाव का?" असं म्हणून तुम्ही जीप वळवली. येळवशीच्या दिवशी आमच्या बांधावरून माणसं उपाशी गेली, असं पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी फोनवर तुम्ही आप्पांना म्हणालात, "तुझा पाव्हणा म्हणून तुझ्या बांधावर पुन्हा पाय ठेवणार न्हाई." आप्पा म्हणाले, "बोलावतंय कोण?" तेवढ्यावर दोन सख्खे भाऊ थांबले, ते आजतागायत.

तो निरोप तसा जायला नको होता. एवढंच कळवायचं होतं. मोठ्या आईला नमस्कार.

तुमची,
मंजुश्री


लातूर, २४ ऑगस्ट २०२५

ती. मोठे आप्पा, शरणार्थ.

उत्तर आलं नाही. टपालात पत्र हरवलं असेल असं मी म्हणते. तुम्ही फाडून चुलीत घातलं असेल असं पुनम म्हणते. पुनम माझ्या खोलीत राहते. बिलोलीचीच आहे, तुमच्या किराणा दुकानाच्या मागच्या गल्लीतली. दुकानात येते तेव्हा तुम्ही तिला एक लिमलेटची गोळी वर देता, असं तिनं सांगितलं. आम्हाला कधी दिली नाहीत.

या पुनमला रोज संध्याकाळी बाटलीतलं थंड पेय लागायचं. त्याशिवाय गणित सुटत नाही म्हणायची. जूनमध्ये वर्गातच चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. डॉक्टरांनी विचारलं, "रोज काय खातेस?" तर पुनमबाईंनी वेफर्सच्या तीन पाकिटांची नावं सांगितली. डॉक्टर चष्मा काढून तिच्याकडे बघत बसले. त्या दिवसापासून आम्ही सात जणींनी पाकिटं आणि बाटल्या बंद केल्या. शेंगदाणे, गूळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी. पहिले आठ दिवस पुनम माझ्याशी भांडत होती. आता तिचं रक्त दहाच्या वर गेलंय आणि गणित पूर्वीइतकंच कच्चं आहे.

पण मला गुरम्माचं सांगायचंय. ती आमची खाणावळ चालवते. निलंग्याकडची आहे, अर्धं कानडी बोलते. तिच्याकडे ऐंशी मुली जेवतात, सगळ्या स्टीलच्या ताटात, आणि ती ऐंशी ताटं दोन बादल्या पाण्यात धुते. मला खोटं वाटलं. तिनं मला ओढणी खोचायला लावून शेजारी बसवलं. आधी ताट कोरड्या राखेनं आणि काथ्यानं घासायचं. सगळं तेलकट राखेत जातं. मग पहिल्या बादलीत एक बुडी, दुसऱ्या बादलीत एक बुडी, की ताट उन्हात. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षापासून ती असंच धुते. मी विचारलं, "साबण का नाही?" तर म्हणाली, "साबणाला चार पाणी लागतंय. नीरु एल्लिंद तरली?" म्हणजे पाणी कुठून आणू. वर म्हणाली, "राखेला काय धाड भरली?"

मागच्या येळवशीला आमच्याकडे भांडणाचा मुद्दा हाच होता. तीनशे माणसांची ताटं धुवायला पाणी कुठून आणायचं, म्हणून थर्माकोल. आता तो मुद्दा संपला. हे तुम्हालाच का सांगतेय ते विचारू नका.

मंजुश्री


औसा, ३ ऑक्टोबर २०२५

ती. मोठे आप्पा, शरणार्थ.

दसऱ्याला दोन दिवस घरी आले आहे. सप्टेंबरातला पाऊस तुमच्याकडेही असाच कोसळला असणार. आमचं ओढ्याकडचं सोयाबीन गेलं. पण मी पत्र लिहायला बसले ते सोयाबीनसाठी नाही.

तुम्हाला आठवत असेल, दरवर्षी येळवशीची जेवणं उरकली की ताटं, पेले, बाटल्या सगळं गोळा करून आपण ओढ्याच्या खड्ड्यात ढकलायचो. तुम्ही इथं होतात तेव्हा पत्रावळी असायच्या, त्या कुजून जायच्या. पत्रावळी गेल्या, थर्माकोल आला, खड्डा तोच राहिला. यंदा ओढा शेतात शिरला आणि त्यानं सगळं परत आणून दिलं. काल मी शेतात गेले तर बाभळींना, तारेला, तुरीच्या ओळींमध्ये पांढरी पांढरी ताटं लटकलेली. काहींवर हळदीचे डाग तसेच. एका पेल्यावर मी लहानपणी पेनानं 'मंजू' लिहिलं होतं. म्हणजे बघा किती वर्षांचा.

आप्पा चार दिवसांपासून ते वेचताहेत. मजूर लावले नाहीत. काल मीही त्यांच्या मागून पोतं घेऊन फिरत होते. पाचवं पोतं भरलं तेव्हा ते बांधावर टेकले आणि म्हणाले, "लोकाचं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. हे समदं आपलंच हाय."

आता खरं सांगते. तुम्ही हे पत्र मोठ्या आईला वाचून दाखवत असाल तर पुढचं एकट्यानं वाचा.

तो निरोप आप्पांनी लिहिला नव्हता. मी लिहिला होता. आदल्या रात्री ते झोपल्यावर त्यांच्या फोनवरून, त्यांचं नाव घालून, पंच्याऐंशी जणांना पाठवला. मला वाटलं, एकदा गेला की कुणाला काही बोलता येणार नाही. दहावीत होते, पर्यावरणाच्या प्रकल्पाला पहिला नंबर आला होता, डोक्यात वारं शिरलं होतं. सकाळी दोन तीन लोकांचे फोन आले तेव्हा आप्पांना कळलं. ते मला बोललेच नाहीत. तुम्ही फोनवर त्यांना विचारलं, "तूच लिवलास का हे?" तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तुम्हाला सांगितलं, "हाव. म्याच लिवलं."

काल बांधावर मी त्यांना विचारलं, का असं केलंत म्हणून. म्हणाले, "व्याह्यांपुढं माझं नाव खराब झालं तर मी म्हातारा होईपर्यंत निस्तरीन. तुझं झालं तर तुझ्या लग्नापर्यंत लोक काढतील." मला रडू आलं आणि रागही आला. माझ्या लग्नाची काळजी करायला ते पोतं हातात असतानाच सुचलं त्यांना.

तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धरा. मी तो नऊ महिने आप्पांच्या अंगावर टाकून मजेत शिकत होते. मला माफ करा.

मंजुश्री


लातूर, ९ नोव्हेंबर २०२५

ती. मोठे आप्पा, शरणार्थ.

तुम्ही पत्र लिहीत नाही, पण आमचा गुप्तहेर आहे. पुनम दिवाळीला बिलोलीला गेली होती. ती म्हणते, तुमच्या गल्ल्याच्या वर, खिळ्याला टांगलेल्या कागदांत प्रश्नपत्रिका दिसली. म्हणजे पत्रं पोचली, आणि चुलीतही गेली नाहीत.

तिनं आणखी एक सांगितलं. एका बाईनं साखर घेतली आणि पिशवी मागितली, तर तुम्ही म्हणालात, "कॅरीबॅग बंद केलीय मावशी. घरून कापडी आणत जा." पुनमनं हे सांगितलं तेव्हा मी पलंगावर उडीच मारली. मोठे आप्पा! गिऱ्हाइकाला पिशवी घरून आण म्हटलेलं चालतं आणि पाव्हण्याला ताट घरून आण म्हटलेलं चालत नाही? हे कुठल्या कायद्यात बसतं? मी तिथल्या तिथे तुम्हाला चार पानांचं पत्र लिहायला घेतलं, चांगलं खरमरीत.

अर्धं लिहून झाल्यावर हात थांबला. तुम्ही काय उत्तर द्याल ते मला तुमच्या आवाजात ऐकू यायला लागलं. गिऱ्हाईक आपल्या कामासाठी येतं. पाव्हण्याला आपण बोलावतो. येळवशीला तर मालक आदल्या दिवसापासून राबतो, कारण त्या एका दिवशी त्याला सगळ्यांना वाढायचं असतं. मी माझ्या चांगल्या कामाचं ओझं उचलून पाव्हण्याच्या डोक्यावर ठेवलं आणि स्वतः बांधावर हजेरी घेत उभी राहिले. प्लास्टिक नको हे बरोबर होतं. ताट तू आण, हे चूक होतं. हे कळायला मला दहा महिने लागले, आणि म्हणे मी हुशार.

तेव्हा यंदा ताटं आम्ही आणणार. कुठून, तर माळ्यावरून. गावात एकही घर असं नाही जिथे लग्नात आलेली, नावं घातलेली ताटं पोत्यात बांधून ठेवलेली नाहीत. आमचा अमरेश आणि दयानंद, दोघेही माझ्या दहावीच्या वर्गातले, दर शनिवारी घरोघरी फिरताहेत. वाढणारे आम्ही, घासणारे आम्ही. आप्पा मला भेटायला आले तेव्हा त्यांना सांगितलं, तर त्यांनी बराच वेळ कान खाजवला. मग एकच अट घातली. "पाव्हण्याच्या हाताला राख लागता कामा नये."

मान्य केली.

मंजुश्री


लातूर, १३ डिसेंबर २०२५

ती. मोठे आप्पा, शरणार्थ.

शुक्रवारी येळवस. एकशे वीस ताटं आणि दोनशे पेले जमले आहेत. बायका आधी देईनात. "गेलेलं ताट परत येतंय होय?" म्हणायच्या. अमरेशनं ताटावरची नावं वाचून वहीत यादी केली, तेव्हा कुठे पोती सुटली. त्याला आता गावातल्या सगळ्या लग्नांच्या तारखा पाठ झाल्यात. कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं यावरून दोन घरांत भांडणंही लावून आलाय.

पारावरची माणसं पोरांना चिडवतात. "काय रे, भांडी घासून राहिलाव म्हणं? बांगड्या भरायच्या का?" दयानंद लाजून घरी बसला होता. अमरेशनं मात्र ऐकून घेतलं नाही. तो म्हणाला, "काका, तुमी जेवलेलं ताट घासायचंय. तुमाला लाज न्हाई वाटली तर आमाला कशाला वाटंल?" दुसऱ्या दिवशी दयानंद परत आला.

बाटल्यांचं थंड पेय यंदा नाही. आंबील आहे. वसतिगृहातल्या सहा जणी माझ्याबरोबर येणार आहेत. गुरम्मानं दोन पोती राख चाळून दिलीय.

आता अवघड भाग. मी आप्पांना म्हटलं, मोठ्या आप्पांना बोलवा. ते म्हणाले, "त्यानं पाव्हणा म्हणून पाय ठेवणार न्हाई म्हणून सांगितलंय. मी बोलावलं आन् तो आला न्हाई, तर मग काय राहिलं?" मी म्हटलं, मी बोलावते. तर म्हणाले, "बोलावणं घरच्या कर्त्याचं असतंय. लेकराचं न्हाई." दोघंही एकाच आईची पोरं, तीन वर्षांचं अंतर, आणि हट्ट मात्र तसूभर कमी-जास्त नाही.

म्हणून मी तुम्हाला बोलावत नाही. मला तो हक्क नाही. फक्त इतकं लिहिते की शेत अजून सोलापूरच्या रस्त्याला लागूनच आहे, बस तिथे हात केला की थांबते, आणि येळवशीच्या दिवशी त्या रस्त्यानं जाणारं माणूस उपाशी जात नाही.

मंजुश्री


औसा, २१ डिसेंबर २०२५

ती. मोठे आप्पा, शरणार्थ.

आम्ही जिंकलो! हे आधी लिहून टाकते, नाहीतर मला पुढचं सुचायचं नाही.

तुम्ही अडीचला आलात, म्हणून त्याआधीचं तुम्हाला माहीत नाही. सकाळी सगळं छान चाललं होतं. पहिल्या दोन पंगती उठल्या, ताटं घासली, बुडवली, उन्हात लावली. साडेबाराला लोक एकदम आले. औशाहून गाड्या, वरच्या वाडीची माणसं, दोन ट्रॅक्टर भरून. तिसऱ्या पंगतीला सगळी ताटं लागली, ती उठते तोच चौथी बसली आणि ताटं संपली. ऐंशी माणसं मांडी घालून तयार, आणि आमच्याकडे खरकट्या ताटांचा ढीग. घासायला आम्ही नऊ जण. पुनमच्या हाताची सालं निघाली होती. अमरेश मोठमोठ्यानं नुसताच "लवकर, लवकर" ओरडत होता.

तेवढ्यात दयानंदचे काका मोटारसायकलवरून आले, मांडीवर दोन मोठे गठ्ठे. थर्माकोलची ताटं. म्हणाले, "मला वाटलंच होतं. घ्या. पोराटकीच्या नादात मानसं उपाशी ठेवता का?" सगळे आप्पांकडे बघायला लागले. मी तर बघितलंच नाही, खाली मान घालून घासत राहिले. मला मागचं वर्ष दिसत होतं. पंगत बसवून वाढलं नाही तर तो ताट आणा म्हणण्यापेक्षा मोठा अपमान, आणि तोही माझ्याच पायी.

आप्पा पंगतीपुढे गेले आणि हात जोडले. "मंडळी, धा मिनिटं थांबावं लागंल. तवर आंबील घ्या. चूक माझी हाय, ताटाची न्हाई." मग ते आमच्याकडे आले, पांढऱ्या धोतराचा काचा मारला, माझ्याशेजारी बसले आणि मूठभर राख घेतली. मी त्यांना जन्मात कधी भांडं घासताना पाहिलेलं नाही. पहिलं ताट त्यांनी उलटीकडून घासलं. आईनं पलीकडून बघितलं, तोंडाला पदर लावला आणि हसू लपवत पुन्हा वाढायला लागली.

मग कोण बसलं माहीत आहे? पारावरचे तेच काका लोक. एकेक करून सदऱ्याच्या बाह्या वर. बारा मिनिटांत ऐंशी ताटं झाली. दयानंदचे काका गठ्ठे घेऊन थोडा वेळ उभे राहिले, मग ते परत मोटारसायकलला बांधले आणि जेवायला बसले. चार भाकऱ्या खाल्ल्या.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही तिथे होतात, तरी लिहिणार, कारण मला लिहावंसं वाटतंय आणि तुमच्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही.

रस्त्यावरच्या वाटसरूंना हाका मारायचं काम दरवर्षी पोरं करतात. यंदा ते आप्पांनी सकाळपासून स्वतःकडे घेतलं होतं. बस थांबली की असतील तिथून मान वर. ताटं घासायला बसले तेव्हासुद्धा तोंड रस्त्याकडेच. तुम्ही बसमधून उतरलात, आणि पलीकडच्या कडेला कापडी पिशवी घेऊन उभे राहिलात, जणू दुसऱ्या बसची वाट बघताय. मी आईला खूण केली. आई म्हणाली, "गप. कुणी हाक मारायची न्हाई." सोलापूरच्या तीन बस गेल्या. तुम्ही एकीलाही हात केला नाही. मोठे आप्पा, तुम्हाला सोंग अजिबात जमत नाही.

शेवटी आप्पा उठले. हात तसेच राखेचे. बांधाच्या टोकाला जाऊन त्यांनी परक्या माणसाला मारतात तशी हाक मारली, "ओ पाव्हणं! येळवस हाय आज. जेवल्याबिगर जाऊ नका!"

तुम्ही म्हणालात, "म्या पाव्हणा न्हाई. सोलापूरला चाललोय. वाटसरू हाय."

"वाटसरूलाच बोलावतोय."

"माझ्याकडं ताट न्हाई."

आमच्याकडे सगळी घासघास थांबली. पुनमनं माझा दंड इतका दाबला की अजून हिरवा आहे. आप्पांनी राखेचे हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "ताट आमचं हाय. पोरांनी घासलेलं हाय. या."

आणि तुम्ही रस्ता ओलांडलात. बांधावर पाय ठेवताना तुम्ही चप्पल काढलीत, ते मी पाहिलं. तुम्ही अनोळखी माणसांच्या ओळीत बसलात, आप्पांनी तुम्हाला अनोळखी माणसासारखं आग्रह करून वाढलं, तुम्ही तीन पेले आंबील प्यालात आणि दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. अख्खं शिवार मात्र तुमच्याकडे बघत होतं.

जेवून तुम्ही ताट उचललंत. आप्पा म्हणाले, "ठेवा, पाव्हण्यानं घासायचं न्हाई." तुम्ही म्हणालात, "सांगितलं की, पाव्हणा न्हाई म्हणून," आणि सरळ येऊन अमरेशच्या शेजारी बसलात. राख चिमटीत घेऊन चोळून बघितलीत आणि वर्षभरानं माझ्याशी पहिलं वाक्य बोललात, "मंजे, शेवटची राख नीट चाळली न्हाईस. खडा हाय." मला इतका आनंद झाला की मी पळत जाऊन कोपीमागे रडले. गुरम्माची राख संपली होती, ती आमच्या चुलीची होती. पुढच्या वेळी दोनदा चाळीन.

तुम्ही पाचच्या बसनं गेलात, सोलापूरच्या नव्हे, लातूरच्या. त्यानंतरचं ऐका. तीनशे वीस माणसं जेवली. दिवसभराचा कचरा म्हणजे नारळाच्या शेंड्या आणि खरकटी राख, ती आम्ही लिंबाच्या आळ्यात घातली. ओढ्याच्या खड्ड्यात एक कागदसुद्धा गेला नाही. काल आम्ही ताटं परत करायला निघालो, तर निम्म्या घरांनी घेतलीच नाहीत. "असू द्या तुमच्याकडं, माळ्यावर काय दिवे लावतात?" बायका म्हणाल्या. फेब्रुवारीतल्या दोन लग्नांनी ताटं मागितलीत आणि घासायला पोरंही मागितलीत. अमरेश म्हणतो, नवरदेवानं स्वतःचं ताट घासलं तरच ताटं द्यायची. त्याला आवरावं लागेल. दयानंदच्या काकांनी ते दोन गठ्ठे दुकानात परत दिले.

हे पत्र मी घरी लिहितेय, उद्या लातूरला जाईन. आप्पांनी विचारलं, "काय लिवलीस एवढं?" मी सगळं वाचून दाखवलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. तुम्ही चप्पल काढलीत ते ऐकल्यावर त्यांनी डोळे पुसले, धुराचं निमित्त करून. चूल बंद होती. मग माझ्याकडे पेन मागितलं. खालचं त्यांचं आहे. शुद्धलेखन मी तपासलेलं नाही.

तुमची लाडकी (आता म्हणायला हरकत नाही),
मंजुश्री


अण्णा, शरणार्थ. पोरीनं लिवलंय त्ये खरं हाय. सोलापूरच्या बशी मातर तीन न्हाई, चार गेल्या. म्या मोजत होतो. पाचवी आली असती आन् तू चढला असतास, म्हणून उठलो. आदीच उठाया पायजे होतं.

संक्रांतीला घरी ये. वैनीला, अमरनाथला, सुनंला घेऊन ये. व्याह्यांना बी आण, त्येंची माफी मला सवता मागायची हाय. वाटसरू म्हणून न्हाई. बोलावणं माझं हाय.

शिवा